दानी रोसलिदाची परतफेड

मित्रांनो, मी बॅटरी आहे, आणि आता चांगलीच जुनी झाले आहे. माझी उमेदीची वर्षं म्बिता नावाच्या गावात, सरोवराच्या काठी, ओपोन्दोच्या विजेवरच्या मोटरसायकलमध्ये गेली. तो बाजारात माणसं पोचवायचा आणि दुपारी मला छपरावरच्या सौर पॅनेलला जोडायचा. संध्याकाळी माझ्यात उरलेली वीज शेजारची घरं विकत घ्यायची. प्रत्येक घराच्या भिंतीवर एक बटण होतं. वर केलं की वीज घ्यायची, खाली केलं की द्यायची.

शेजारी रोसलिदा राहायची. सगळी गल्ली तिला दानी, म्हणजे आजी, म्हणायची. रोगात तिच्या साऱ्या कोंबड्या गेल्या. उरलेली अंडी तिने उबवणीच्या यंत्रात ठेवली होती. ही अंडी गेली असती तर तिच्या कोंबड्यांचं नावच पुसलं गेलं असतं. यंत्राला दिवसा तिचं लहानसं पॅनेल पुरायचं, रात्री मी.

सकाळी मात्र दानी हळूच बटण खाली करायची आणि अडीअडचणीसाठी ठेवलेल्या तिच्या छोट्या बॅटरीतली वीज मला पाठवायची. मला काय, आलं ते मी घेत होते. ऊन असायचं तोवर काही बिघडलं नाही. मग एक दिवस आभाळ भरून आलं; पॅनेलमधून वीज येईना, आणि दानीची बॅटरी तर सकाळीच माझ्यात रिकामी झाली होती.

दुपारी ओपोन्दो आला तेव्हा यंत्र गार पडलं होतं. दानी अंडी लुगड्यात, पोटाशी धरून बसली होती. तिचं बटण खालीच होतं.

"दानी, मला कशाला वीज पाठवलीस? पैसे तर देतेस ना?"

"पैसे वेगळे. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत पाठवतं का कोणी?"

"अगं, ही मोटरसायकल आहे, कालवणाचं पातेलं नव्हे!"

कुरकुरतच त्याने मला यंत्राला जोडलं. दुसऱ्या दिवशीही ढग हटले नाहीत, म्हणून मला यंत्रालाच जोडलेलं ठेवून तो बाजारात गेला नाही. त्याची नेहमीची गिऱ्हाइकं दुसऱ्यांच्या गाडीवर बसून गेली. मी होतं नव्हतं ते सगळं दिलं. काही अंडी गेलीच. बाकीच्यांतून पिल्लं बाहेर आली, तेव्हा मला फार आनंद झाला. दानीने पहिलं पिल्लू ओपोन्दोच्या हातावर ठेवलं. त्याने गुपचूप घेतलं. तिच्यापुढे कोणाचं चालतं!

पुढे मला मोटरसायकल ओढवेना. ओपोन्दो मला भंगारात काढणार होता. दानीने मला मागून घेतलं. आता मी तिच्या खुराड्यातला दिवा लावते.

मित्रांनो, जुनी बॅटरी उकिरड्यावर टाकू नका, तिच्यात थोडा जीव असतो. आणि शेजाऱ्याकडून वीज घेतलीत, तर आधी आपल्या घरची ऊब सांभाळा. मला रिकामं परत पाठवलंत तरी मी रागावणार नाही. ऊन पडलं की मी पुन्हा भरते.