मायाक्काच्या केसांखालचं बिऱ्हाड

मित्रांनो, मी एक जुना रहिवासी आहे, पण तुम्ही मला कधी पाहिलेलं नाही. सुईच्या टोकावर माझ्यासारखे कितीतरी मावतील. माणसाच्या डोक्याच्या कातडीवर राहणारा सूक्ष्म जीव मी. मंद्रूपच्या राजाबाईनं आपल्या तान्ह्या लेकीच्या, मायाक्काच्या डोक्यावर गाल टेकला, तेव्हा मी तिच्याकडे राहायला आलो.

आमचं काम साधं. कातडीतून पाझरणारं तेल खायचं आणि उपद्रवी जंतूंना जागा मिळू द्यायची नाही. कातडी निरोगी, तर केसाचं मूळ घट्ट. मायाक्काची वेणी गुडघ्याला लागायची. कौतुक वेणीचं व्हायचं, आमचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. त्याचं मला वाईट वाटलं नाही.

लग्न होऊन ती सोलापुरात आली आणि एकोणीसशे एकतीस साली गिरणीत सुताच्या खात्यात लागली. शेजारी चंद्रव्वा काम करायची. दोघींचा एकमेकींवर फार जीव. कापसाचे तंतू केसांत बसत, डोकं खाजे. एकदा चंद्रव्वा म्हणाली, "धुन्याचा सोडा लाव की डोक्याला. मी बी त्योच लावती. लई साफ हुतं."

"आग न्हाय न्हवं हुत?"

"माज्यावर इस्वास न्हाय व्हय गं तुजा?"

मायाक्कानं विश्वास ठेवला. ज्या कातडीची मी इतकी वर्षं राखण केली, तिथंच ती मुठीनं सोडा चोळू लागली. एकदा नव्हे, महिनाभर! माझे सोबती हजारोंनी गेले. कातडी भेगाळली, मोकळ्या जागेत नको ते जंतू माजले आणि केसांचे झुबके तिच्या हातात येऊ लागले.

सुट्टीच्या दिवशी ती उपाय विचारायला चंद्रव्वाच्या घरी गेली. चंद्रव्वा न्हाणीत बसून शिकेकाई चोळत होती.

"तू तर सोडा लावती म्हनलीस की!"

चंद्रव्वानं केस पिळले. म्हणाली, "माजा नवरा रोज तुज्या येनीचं गुन गायचा. रोज."

"मंग मला सांगायचं हुतंस, चंद्रव्वा. डोईवर पदर घ्येतला असता मी."

त्यानंतर मायाक्कानं गिरणीतली जागा बदलून घेतली. सोडा बंद केला, कोमट पाण्यानं आणि शिकेकाईनं न्हाऊ लागली. केसांच्या मुळांशी दडून मी कसाबसा वाचलो होतो. आमचं कूळ पुन्हा वाढलं, कातडी भरून आली. केसही आले, पण वेणी कमरेखाली कधी गेली नाही.

चंद्रव्वानं मायाक्काला फसवलं आणि मायाक्कानं मला. तिला ठाऊक नव्हतं, हे मला कळतं. तरी तो सल गेलेला नाही.

मित्रांनो, डोकं जरूर धुवा, स्वच्छ ठेवा. पण कुणाच्या सांगण्यावरून जळजळीत काही ओतू नका. पहिल्याच दिवशी तिची कातडी चुरचुरली होती. ती आमची हाक होती. मायाक्कानं स्वतःच्या डोक्याचं ऐकलं नाही, मैत्रिणीचं ऐकलं.