छातीवरचे चोवीस

मित्रांनो, मी एक जुना पांढरा फळा आहे. पांढरा हे आपले म्हणायचे, खरे तर आता पार पिवळा पडलो आहे. कारखान्यातून निघालो तेव्हा इतका चकचकीत होतो की माल तपासणाऱ्या मावशींनी माझ्यात बघून केस सारखे केले होते. एवढे कौतुक पुन्हा वाट्याला आले नाही.

मला एका शाळेत, समन्वयक बाईंच्या खोलीत टांगले. इथे आंतरराष्ट्रीय मंडळाचा दोन वर्षांचा डिप्लोमा शिकवतात. त्यात शंभरपैकी गुण नसतात. सहा विषय, प्रत्येकात एक ते सात गुण, आणि दीर्घ निबंध वगैरेचे फार तर तीन. सगळे मिळून पंचेचाळीस. पास व्हायला चोवीस लागतात. पण एक मेख आहे. सहांपैकी तीन विषय वरच्या पातळीचे असतात आणि त्या तिन्हींची बेरीज बारा तरी व्हावीच लागते. तिथे अकरा आले, तर बाकी कितीही मिळवा, डिप्लोमा नाही.

बाई हे सारे माझ्यावर लिहून पालकांना समजावत. एकदा घाईत त्यांच्या हाती पक्क्या शाईचे पेन आले. त्याने त्यांनी २४ लिहिले आणि भोवती ठसठशीत गोल काढला. मग स्पिरिट झाले, साबण झाला, शिपाईकाकांनी नखाने खरवडूनही पाहिले. आकडा ढिम्म हलला नाही. बाई म्हणाल्या की राहू दे, कामाचाच आहे. बारा मात्र साध्या शाईत असे आणि सभा संपली की पुसले जाई.

त्या वर्षी चष्म्याच्या काचा घासणाऱ्या एका कारागिराची मुलगी इथे शिकत होती. डोळे तपासण्याचे शिक्षण घ्यायला एका विद्यापीठाने तिला जागा देऊ केली होती, डिप्लोमा मिळाला तर. पहिल्या सभेला ती फाटकापाशी बाबांची वाट बघत थांबली. ते कामावरून धावतपळत आले, तोवर काका मला पुसून मोकळे झाले होते. दोघांनी माझ्यावर उरलेला आकडा वाचला आणि समाधानाने घरी गेले.

वरच्या पातळीचे भौतिकशास्त्र काही केल्या तिला जमेना. परीक्षेआधी बाप-लेकीने ठरवले की त्याचा अभ्यास सोडून द्यायचा आणि सोप्या विषयांत गुण गोळा करायचे. शिक्षकांनी तिच्या त्या तीन विषयांची अंदाजे बेरीज बाराच धरली होती, त्यामुळे बाईही निर्धास्त होत्या.

निकालाच्या दिवशी दोघे हसतच आत आले. तिला अठ्ठावीस मिळाले होते. बाईंनी माझ्यावर चार, चार आणि तीन लिहिले व खाली अकरा मांडले. मग हळूहळू सगळे सांगितले. फेरपरीक्षा देता येईल, पण विद्यापीठ तोवर थांबणार नाही, हेही सांगितले.

बाबांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. माझ्यासमोर उभे राहून त्यांनी सगळे गुण बोटांवर मोजले.

"बाई, बेरीज तर अठ्ठावीसच येतेय हो."

"बाबा, चला ना," मुलगी म्हणाली. "मीच म्हटलं होतं, सोपे विषय करते म्हणून."

बाबा जागचे हलले नाहीत. ते माझ्या गोलाकडे बघत राहिले. मला तेव्हा भिंतीवरून निखळून पडावेसे वाटले, पण खिळे मजबूत होते.

त्यानंतर ती मुलगी शाळेत आली नाही. बाबाच एकदा येऊन तिचे कागद घेऊन गेले.

मित्रांनो, फळ्यावरून काही पुसण्याआधी सगळे आले का, एवढे विचारत जा. आणि जे पुसता येत नाही, त्याच्या शेजारी उरलेलेही तितक्याच पक्क्या शाईने लिहा. मी हे रोज म्हणतो, पण फळ्याचे कोण ऐकतो?

काल नव्या मुलांची सभा झाली. सभा संपली, काकांनी मला पुसले आणि ते दिवा मालवणार एवढ्यात एक आई मुलाला घेऊन घाईघाईने आत आली. उशीर झाल्याबद्दल तिने माफी मागितली. मग माझ्याकडे बोट दाखवून मुलाला म्हणाली, "हे बघ, चोवीस. एवढंच लक्षात ठेव."