डोहाई मी रचली

रविवारी सकाळी साडेसातलाच खैरपाड्यावर जीप लावायला जागा उरली नव्हती. डोळखांबच्या पुढे डोंगरात असलेल्या या पाड्यावर शहापूर, मुरबाड, धसईपासून माणसं लोटली होती. डोहाच्या काठावर पत्र्याचा मांडव, मांडवात शेंदूर फासलेला खडक आणि खडकापुढे भगीरथ महाराज. एका म्हाताऱ्याला विंचू चावला होता. महाराजांनी त्याच्या पायाला पिवळा फडका गुंडाळला, कलशातलं पाणी शिंपडलं आणि आरोळी ठोकली,

"पिवळं गेलं, लाल आलं, डोहाईनं विष प्यालं!"

फडका खरंच लाल झाला. बायकांनी हात जोडले, ढोल वाजला.

मी मागे खांबाला धरून उभी होते. याच पाड्यावर मी अकरा वर्षं शिक्षिका होते, आता निवृत्त होऊन शहापुरात राहते. शेजारणीनं 'डोहाई माहात्म्य' नावाची पुस्तिका आणून दिली, म्हणून बघायला आले होते. पांडव वनवासात असताना इथं पाणी प्यायले आणि डोहाईनं भीमाचा पाय धरला, असं त्यात छापलं होतं.

आणि डोहाई तर मी रचली होती.

मी नोकरीला लागले त्याच पावसाळ्यात शाळेतली दोन पोरं या डोहात बुडाली. बाकीची काही ऐकेनात. मग एके दिवशी मी वर्गात सांगितलं की डोहात डोहाई राहते, न विचारता उतरेल त्याचा पाय धरते, काठावरूनच हात जोडा आणि मागे फिरा. नाव तिथल्या तिथे सुचलं होतं. त्यानंतर एकही पोर बुडालं नाही. मला केवढा अभिमान वाटला होता! ती पोरं मोठी झाली, त्यांनी आपल्या पोरांना सांगितलं. कुणी खडकाला शेंदूर लावला, कुणी डोहाईला नागाची बहीण केली. अठ्ठावीस वर्षांत माझ्या पाच वाक्यांचा देव झाला. भगीरथ त्या वर्गात तिसऱ्या ओळीत बसायचा.

तेवढ्यात गर्दी फुटली. सावळी आपल्या नऊ वर्षांच्या राहीला पाठीवर घेऊन धावत आली. सावळीही माझीच विद्यार्थिनी.

"पहाटे मण्यार निघाली अंथरुणात," ती धापा टाकत म्हणाली. "चावलेला दिसत बी नाय. पण पोरीला सगला दोन-दोन दिसतंय."

राहीच्या पापण्या मिटत चालल्या होत्या. मी पुढे झाले. "सावळी, मांडवात नको. जीपमध्ये घाल, दवाखान्यात चल."

"डोळे मिटतायत ती डोहाई आईची गुंगी हाय," भगीरथ म्हणाला आणि त्यानं पोरीच्या हाताला पिवळा फडका बांधला. पाणी शिंपडलं. फडका लाल झाला. "उतरलं!"

सावळी मटकन खाली बसली आणि आनंदानं रडू लागली. राही मात्र मान धरत नव्हती.

मी माझा हात पुढे केला. "मलाही बांध. मला काही चावलेलं नाही."

भगीरथनं नाही म्हणायला तोंड उघडलं, पण लोक बघत होते. त्यानं बांधला, पाणी शिंपडलं. फडका लाल.

"बाई, तुमच्या मनात विष हाय," तो म्हणाला. लोक हसले.

मी शेजारच्या माणसाकडून तंबाखूची डबी घेतली. चिमूटभर चुना पाण्यात कालवला आणि महाराजांच्या पुढ्यातला एक कोरा पिवळा फडका खांबाला गुंडाळून त्यावर ओतला. खांबावरचा फडकाही लाल झाला.

"याला कोणता साप चावला?" मी विचारलं. "फडका हळदीत भिजवलेला आहे आणि कलशात चुन्याची निवळी आहे. हळदीला चुना लागला की ती लाल होते. विंचवाची कळ बहुतेक वेळा आपोआप उतरते, पुष्कळ साप बिनविषारी असतात. ती माणसं जगतात आणि नाव देवीचं होतं. भगीरथ, हा प्रयोग मीच तुला चौथीत शिकवला होता. आणि डोहाईची गोष्टही माझी आहे. मी रचलेली."

भगीरथ रागावला नाही, याचंच मला भय वाटलं.

"तुमी सांगितली, खरं हाय," तो शांतपणे म्हणाला. "पण तुमाला ती कोणी सुचवली, बाई? तुमच्या तोंडून आईच बोलली. चुन्यात बी तीच हाय."

माणसांनी माना डोलावल्या. एका म्हातारीनं तर माझ्याच पायाला हात लावला.

"सावळी, ऊठ," मी म्हणाले.

"बाई, तुमीच शिकवला ना आमाला हात जोडायला? आता नको सांगता? कोणता खरा मानू?"

तिला पटवण्यात अर्धा तास गेला. जीपवाला दिनेश कुणाला न विचारता राहीला उचलून घेऊन गेला, तेव्हा ती मागे धावली. वाटेत राहीचा श्वास तुटू लागला. मी तिची मान धरून बसले होते. शहापूरला पोचलो तेव्हा डॉक्टरांनी धावत येऊन नळी घातली, इंजेक्शन दिलं. वीस मिनिटांनी ते बाहेर आले.

"दोन तास आधी आणायला हवं होतं," एवढंच म्हणाले.

राहीचं दिवसकार्य झाल्यावर मी सावळीकडे गेले. तिनं पाणी दिलं, पण माझ्याकडे बघितलं नाही. "लोक म्हणतात, तुमी चुना ओतून आईला बाटवलात, म्हणून तिनं राहीला नेली."

"तुला काय वाटतं?"

ती चूल सारवू लागली. "आईनं नेली म्हटला तर ती कुठंतरी असंल. तुमचा मानला तर मीच मारली तिला. सांगा बाई, मी काय मानू?"

त्यानंतरच्या रविवारी डोहावर आधीपेक्षा दुप्पट गर्दी होती.

मी पाड्यावरच्या शाळेत गेले. पोरांना हळद-चुना करून दाखवला आणि गोष्ट मी रचल्याचं सांगितलं. अंजू नावाच्या एका मुलीनं विचारलं, "डोहाई नाय, मंग डोहात उतरायचा?"

"नाही. डोह खोल आहे. तुला पोहता येत नाही. बुडशील."

"एवढाच?"

"एवढंच."

तिला ते फारसं पटलं नाही. खरं कारण गोष्टीइतकं रंगतदार नसतं. सगळे देव असेच जन्मले का, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. एक जन्मताना मात्र मी पाहिला. तो भीतीपोटी आणि मायेपोटी जन्मला, आणि रचणारीला तो परत घेता आला नाही. म्हणून हात जोडून सांगते, पोरांना गोष्टी जरूर सांगा, पण ही गोष्ट आहे हेही त्याच दमात सांगा. आणि साप चावला तर कुणाचंही ऐकू नका, माझंही नाही. आधी गाडी बघा.