राणीची पावलं

करवंदगडावर एके काळी राजवाडा होता म्हणे. आता तिथे निवडुंग, शेण आणि गंगाधरपंतांची बडबड एवढंच उरलं होतं.

त्यांची नवी सून प्रमोदिनी नाकाला पदर लावून उभी होती. तळेगावच्या या घराण्याची रीतच तशी. लग्न झालं की सुनेला गडावर आणायचं, राणीच्या पावलांची पूजा करायची आणि त्यांवर ओतलेलं पाणी तीर्थ म्हणून तिला पाजायचं.

"शिवकाळाच्याही आधीचा राजा तो, आणि आम्ही त्याचे कारभारी!" पंत हात नाचवत सांगत होते. "रेल्वेचा घाट झाला तेव्हा कंत्राटदाराच्या माणसांनी अख्ख्या वाड्याचे दगड उचलून नेले. पण या शिळेला हात लावायची कुणाची छाती झाली नाही. राणीचा प्रताप, दुसरं काय!"

प्रमोदिनीने शिळेकडे पाहिलं. कड्याच्या अगदी टोकाला पाय ठेवायचे दोन उंच पावठे, मधे भोक, भोकाखाली थेट दरी. बांधकाम खात्यातल्या वडिलांबरोबर तिने लहानपणी पुष्कळ गड पाहिले होते. अगं बाई! राणीची पावलं कसली, राणीचा संडास हा! म्हणून तर कुणी शिवलं नव्हतं. आणि यांनी त्याला हार घातलाय!

पंतांनी पावलांवर पाणी ओतलं आणि खळग्यात साचलेलं पळीने उचलून तिच्यापुढे धरलं. त्यात कुंकू होतं, मेलेली मुंगी होती आणि हिरवट बुळबुळीत काहीतरी. नाही म्हटलं तर जन्मभर माहेरचा उद्धार, आणि प्यायचं म्हटलं तर... शी!

"हा शौचकूप आहे, मामंजी," ती म्हणाली. "तीर्थच असेल तर आधी तुम्ही घ्या."

पंतांचा हात झटक्यात मागे गेला. "छे, छे! मी कसला घेतोय! हे सुनांचं असतं." सांडलेलं पाणी बोटांना लागलं होतं. ते धोतराला पुसू लागले. पुसलं, हुंगलं, पुन्हा पुसलं.

म्हाताऱ्याला ठाऊक होतं तर! प्रमोदिनीला आता शिळेपेक्षा त्या बोटांची किळस आली.

सासूबाई, म्हणजे नंदाबाई, इतका वेळ हात जोडून उभ्या होत्या. लग्नाच्या वर्षी हेच तीर्थ त्यांनी डोळे मिटून घेतलं होतं, वर ओला हात डोक्यावरून फिरवला होता.

"अहो, मला पाजलं, तेव्हाही तुम्हाला ठाऊक होतं?"

पंत पुन्हा बोटं धोतराला पुसू लागले.

नंदाबाईंनी त्यांच्या हातातली पळी हिसकून भोकात टाकली. "चल गं, घरी चल," त्या सुनेला म्हणाल्या, आणि जाता जाता नवऱ्याच्या पायांपाशी थुंकल्या.