हरेशच्या कॉम्प्युटरातला धवला

हरेशने दोन्ही स्पीकर मांडवाच्या खांबांना बांधले, वायर ओढून ओटीवरच्या कॉम्प्युटरला जोडली आणि हात झटकत बायकोला म्हणाला, "आता बघ संध्या. अख्खी घणसोली ऐकेल आईचा धवला."

संध्या हळदीचं ताट घेऊन चालली होती. लेकीची, नमिताची हळद, घरात पाय ठेवायला जागा नाही, आणि हा बाबा सकाळपासून वायरींत गुंतलेला.

त्याचंही खरं होतं म्हणा. आगऱ्यांच्या घरात धवलारीण धवला गाते तेव्हा कुठे नवरीला हळद लागते. गावात उरलेली एकुलती एक धवलारीण म्हणजे हरेशची आई, शेवंताबाई. गावभरच्या पोरींना तिने गाऊन सासरी धाडलं आणि सख्ख्या नातीच्या वेळी ती खुर्चीत बसलेली, उजवं अंग लुळं. मागच्या उन्हाळ्यात अर्धांगवायूचा झटका आला तो वाचा घेऊनच गेला. नमिताने हट्ट धरला होता की हळद लावून घेईन तर आजीच्याच धवल्यावर. तेव्हा हरेशने छाती पुढे काढून सांगितलं होतं, आहे ना माझ्याकडे.

त्याचं असं झालं होतं. झटक्याच्या थोडं आधी जासईला त्याचा चुलतभाऊ रूपेश याच्या मुलीचं लग्न होतं. पत्रिकेत निमंत्रकांच्या रांगेत हरेशचं नाव धाकट्या भावांच्या खाली छापलं गेलं. झालं! हरेश फुगून बसला. बायको-पोरीलाही जाऊ दिलं नाही. आईला अडवायला गेला तर म्हातारी म्हणाली, "तुजा नाव खाली छापला म्हनून पोरीची हलद थांबल काय? मना जावाचाच हाय." आणि गेली.

लग्न नेटवर लाइव्ह दाखवत होते. हरेशने ते घरी कॉम्प्युटरवर लावलं आणि रेकॉर्डिंगचं बटण दाबून ठेवलं. पुढे डीजेने वाजवलेल्या सिनेमाच्या गाण्यांच्या हक्कावरून तो व्हिडिओ नेटवरून उडाला. कॅमेरावाल्याने आपलं सगळं केव्हाच पुसलं होतं. आणि धवला फोनमध्ये कोण घेतो हल्ली? फोन वर होतात ते डीजेला. काकी आजारी पडल्यावर रूपेश स्वतः ते रेकॉर्डिंग मागायला आला, तर हरेशने त्याला दारातूनच परत लावलं. फाइल दोन पेन ड्राइव्हवर घेऊन कपाटात कुलूपबंद केली. उघडून मात्र एकदाही पाहिली नाही. आईचा आवाज मला ऐकवणार नाही, म्हणायचा.

बायांनी नमिताला पाटावर बसवलं, शेवंताबाईची खुर्ची पुढे आणली. रूपेशही आला होता, मागे उभा होता. हरेशने फाइल लावली. पडद्यावर शेवंताबाई दिसली, हिरवं लुगडं, डोळे मिटलेले. पहिली ओळ विहिरीतून यावी तशी लांबून आली. नमिताला रडूच कोसळलं.

दुसऱ्या ओळीवर कुकरची शिट्टी झाली. बाया स्वयंपाकघराकडे बघू लागल्या, पण तिथे चुलीवर कुकर नव्हताच. मग दोन्ही खांबांवरून हरेशचा आवाज आला, गल्लीच्या टोकापर्यंत जाईल असा.

"बंद कर तो आवाज. डोकं उठलंय."

पाठोपाठ संध्याचा. "अहो, आई गातायत. ऐकू द्या ना."

"आईचं काय, रोजचंच रडगाणं. आवाज बंद केला तरी आत रेकॉर्ड होतंय. नंतर ऐकू."

आणि धवला थांबला. पडद्यावर शेवंताबाई गातच होती, स्पीकरमधून मात्र पंख्याची घरघर येत होती. कॉम्प्युटरने लग्नातला आवाज थेट घेतलाच नव्हता. घरातला माइक चालू राहिला होता आणि त्याने इमानेइतबारे हरेशचं घर टिपून ठेवलं होतं. हरेशने घाईघाईने पुढे नेलं. पुढे तोच, कुणाला तरी फोनवर सांगत होता की रूपेशने कसा अपमान केला, बघून घेईन त्याला. आणखी पुढे नेलं, तरी तेच. रूपेशने मान खाली घातली. शिवी दिली असती तर हरेशला बरं वाटलं असतं.

हरेशने व्हिडिओ बंद करायला माउस धरला. नमिता पाटावरून उठून आली आणि तिने त्याचा हात धरला.

"फक्त आवाज बंद करा पप्पा. तेवढं येतं तुम्हाला. आजी राहू दे."

स्पीकर मुके झाले. नमिता पुन्हा पाटावर जाऊन बसली. पडद्यावरची शेवंताबाई गात राहिली. तिच्याकडे बघता बघता खुर्चीतल्या शेवंताबाईच्या तोंडाची धड बाजू हलू लागली. शब्द फुटत नव्हता. संध्या हळदीचं ताट घेऊन तशीच उभी राहिली, आणि सगळ्या बाया म्हातारीच्या ओठांकडे बघत थांबल्या. ओठ थांबले, तेव्हा बायांनी नमिताला पहिली हळद लावली.