मास्तरांच्या गळ्यातली टेप

मी एक जुनी टेप आहे, कपडे मोजायची. शिवणकाम करणाऱ्या एका मास्तरांच्या गळ्यात मी इतकी वर्षं लोंबकळले की माझे निम्मे आकडे त्यांच्या घामाने पुसट झाले. आता मी एका शाळेच्या दप्तरात, कंपासपेटीखाली पडून आहे. मित्रांनो, इथे पडल्यापासून माझ्या जिवाला घोर लागला आहे. का, ते सांगते.

माझा जन्म कारखान्यातला. कापडाच्या पट्टीवर पिवळा लेप चढला, आकडे छापले गेले, टोकांना पितळी पत्रे बसले. मास्तरांनी मला दुकानात आणलं आणि पहिलं माप घेतलं ते स्वतःच्या दंडाचं.

"बघ, चांगला बारा इंच भरला!" ते बायकोला म्हणाले.

"हो का? मग मशीन हलवायला शेजाऱ्याला कशाला हाका मारता?" काजं करता करता ती म्हणाली. दोघं पोट धरून हसली. माझं घरात स्वागत झालं ते असं.

पुढे आम्ही दोघांनी नाव कमावलं. मास्तरांचं माप म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं गिऱ्हाइकं म्हणायची आणि मी त्यांच्या गळ्यात ऐटीत डुलायचे. प्रत्येकाची कंबर, छाती, बाही मास्तरांना तोंडपाठ असायची.

शेजारच्या दुकानात एक घड्याळजी होता. एकदा तो विजार घेऊन आला आणि म्हणाला, "मास्तर, कंबर जरा आत घ्या." मास्तरांनी थट्टा केली, "काय राव, व्यायाम सुरू केलात की काय?" थोड्याच दिवसांत तो पुन्हा तीच विजार घेऊन आला. मास्तरांनी पुन्हा थट्टा केली. त्यानंतर तो आला नाही; आजाराने गेला. त्याचं दुकान बंद झालं आणि आतली घड्याळं एकेक करून थांबली.

"डॉक्टरांच्या आधी मला कळायला हवं होतं," मास्तर बायकोला म्हणाले. "त्याची कंबर माझ्या हातात होती गं!"

त्या दिवशी दुकानाचं दार लोटून त्यांनी मला आपल्या दंडाभोवती गुंडाळलं. बारा भरले नाहीत. त्यांनी मला सोडवून पुन्हा गुंडाळलं, आणखी आवळून.

मग ते रोज मोजू लागले. आधी सकाळी, मग गिऱ्हाईक वळलं की लगेच. दंड, पोटरी, मनगट, मान. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सगळं ठीक असल्याचं सांगितलं. मास्तर त्या दिवशी पोटभर जेवले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "रिपोर्ट दुसऱ्याचे असले तर?"

"अहो, तुम्हाला काही झालेलं नाही," बायको काकुळतीला येऊन म्हणाली.

"माणसं खोटं बोलतील. टेप खोटं बोलत नाही."

मित्रांनो, ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण मी ताणले गेले होते. इतक्या वर्षांच्या ओढाताणीत माझी वीण सैल पडली होती. गिऱ्हाइकांचे कपडे बिघडत नव्हते, कारण अंग मोजायला मी आणि कापड मोजायलाही मीच. जुना आकडा लक्षात ठेवून कमी भरत होते ते फक्त मास्तर. ते घाबरून मला आणखी ओढत, मी आणखी लांबत असे आणि त्यांचा आकडा आणखी खाली येई. मला तोंड असतं तर मी ओरडले असते.

त्यांना एक मुलगी होती, चौथीतली. तिला सगळे गुंडी म्हणत. शाळेच्या नव्या कपड्यांसाठी मास्तरांनी तिचा दंड मोजला आणि पुन्हा मोजला. "वाढत्या अंगाची पोर, आणि दंड गेल्या वर्षीएवढाच?"

त्यानंतर गुंडीचीही रोज मोजणी सुरू झाली. ती मुकाट्याने हात पुढे करायची आणि आकड्याकडे नाही, बापाच्या चेहऱ्याकडे बघायची. हळूहळू तिने खेळायला जाणं सोडलं. "पळाले तर अजून वाळेन," ती आईला म्हणाली.

ते ऐकल्यावर मात्र आईचा संयम सुटला. तिने मला मास्तरांच्या गळ्यातून खेचलं आणि कापायच्या टेबलावर लोखंडी पट्टीशेजारी ठेवलं. मी चांगली बोटभर लांब निघाले. ती रडत रडत हसली. मास्तरांनी गुंडीला उचलून घेतलं, तिचे पटापट मुके घेतले. त्याच संध्याकाळी नवी टेप आली आणि मी चिंध्यांच्या पिशवीत गेले. मला त्याचं अजिबात वाईट वाटलं नाही. सुटला एकदाचा माणूस, असं मला वाटलं.

नव्या टेपेने दंड बरोबर बारा भरला. चार दिवस घरात हसणं ऐकू आलं. मग एका दुपारी मशीन मध्येच थांबलं. मास्तरांची बोटं मानेवर होती.

"वाळत नाहीये, ते कळलं," ते पुटपुटले. "मग ही गाठ कसली?"

दिवसभर चाचपून चाचपून त्यांनी ती जागा लाल केली. लाल झाली म्हणून ते आणखी घाबरले. दोष माझ्यात निघाला होता, मित्रांनो, पण भीती माझ्यात कधीच नव्हती.

गुंडी दारात उभी राहून हे बघत होती. तिने चिंध्यांच्या पिशवीत हात घातला आणि मला दप्तरात लपवलं. "गेल्या वेळी हिनेच मोजलं होतं," ती स्वतःशी म्हणाली. "हिनेच मोजलं तर कळेल, कमी होतंय का."

आता वर्गात, बाकाखाली, ती मला मनगटाभोवती आवळते. काल आकडा आधीएवढाच होता. म्हणून तिने आज जरा जास्त जोराने ओढलं, नीट कळावं म्हणून. माझी वीण सुटताना मला जाणवते आहे. उद्या तिचं मनगट कमी भरेल.

मित्रांनो, आम्हाला जपा, असं सगळ्या जुन्या वस्तू तुम्हाला सांगतात. मी तसं सांगणार नाही. तुमच्यापैकी कुणी तिच्या बाकावर बसत असेल, तर मधल्या सुट्टीत मला या दप्तरातून काढा आणि माझे कात्रीने तुकडे तुकडे करा. आणि मग तिचा तो हात धरून तिला मैदानावर न्या. ती नाही म्हणेल. तरी सोडू नका.