बाबाची साइट व्हिजिट

अस्मीच्या मनात संशय शिरला तो दुबईत, करामातल्या घरी, जेवणाच्या टेबलाशी, रविवारी दुपारी, आणि तोही ऐन खेळात.

खेळ तिचाच होता. तिचा आणि यहयाचा. दोघं शाळेपासूनचे मित्र. ती एका जाहिरात कंपनीत डिझायनर, तो रास अल खोरला अब्बांच्या होलसेल दुकानात. कमरुद्दीनचाचांच्या त्या दुकानात दोरखंड, हातमोजे, हेल्मेट असला माल असायचा. गेलं वर्षभर सुट्टीच्या दिवशी दोघं मिळून 'टोक' नावाचा खेळ बांधत होते. त्यात पट नव्हता, सोंगट्या नव्हत्या. चार जणांनी टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने एक पात्र व्हायचं आणि एकाने सूत्रधार होऊन गोष्ट सांगायची. तू आता कड्यावर उभी आहेस, वारा सुटलाय, काय करतेस? खेळाडू सांगेल ते जमलं की फसलं, हे वीस बाजूंचा फासा ठरवायचा. 'टोक'मधली पात्रं सगळी जिवावर उदार झालेली. कुणी डोंगरावरून उडी घेणारं, कुणी दोरीवाचून कडा चढणारं, कुणी एका श्वासात समुद्राचा तळ गाठणारं. धोका पत्करला की 'दम' खर्च व्हायचा. दम म्हणजे निळ्या चकत्या. त्या संपल्या की खेळ खलास.

खेळ रंगायचा, पण त्यात एक खोट होती आणि ती दोघांनाही सापडत नव्हती. प्रत्येक डाव शेवटी सारखाच व्हायचा. खेळाडू फासे टाकत सुटायचे, पडायचे, हसायचे आणि मोबाइल बघायला लागायचे.

"पडायची भीतीच वाटत नाही कुणाला," अस्मी म्हणायची.

"टेबलावरून पडणार कुठे?" यहया म्हणायचा.

त्या रविवारी खेळून बघायला ऑफिसमधली मिहिका आली होती, पण चौथा गडी फहद आयत्या वेळी फिरकला नाही. अस्मीने हॉलमध्ये पेपर वाचत बसलेल्या बाबाला हाक मारली.

उपेंद्र अबुधाबीत एका कंत्राटदार कंपनीच्या ॲडमिनमध्ये होता. सोमवार ते शुक्रवार तिकडे, शुक्रवारी संध्याकाळी करामाला घरी. छपन्न वर्षांचा, अंगाने बारीक, स्वभावाने त्याहून जपून. घरातून निघताना गॅसचं बटण दोनदा बघणारा, हायवेवर मागून कुणी दिवे मारले तर मनातल्या मनात त्याची माफी मागणारा. असा बाबा खेळायला बसला याचंच अस्मीला हसू आलं होतं.

"बाबा, तू दोरीवरून दरीत उतरतोयस. अर्ध्यात आलायस. वरून पाणी पडतंय आणि दोरी अडकलीये. काय करतोस?"

मिहिकाने फासा त्याच्यापुढे सरकवला. बाबाने तो घेतला नाही. त्याने उजवा हात कमरेच्या मागे नेला आणि मूठ आवळली.

"हा हात सोडायचा नाही," तो म्हणाला. "काही झालं तरी. हाच ब्रेक. पाय भिंतीला सपाट लावीन, टाचा खाली. ओल्या दगडापेक्षा शेवाळाचा दगड वाईट, वाळलेला असला की ओळखू येत नाही. आणि खाली बघणार नाही. खाली बघितलं की गुडघे आधी वाकतात."

मिहिकाने पुढे केलेला हात मागे घेतला.

"काका, भारी!" यहया म्हणाला. "हे कुठून?"

"यूट्यूब," बाबा म्हणाला आणि घाईघाईने फासा टाकला.

मिहिका हसली. अस्मीला मात्र हसू आलं नाही. बाबा यूट्यूबवर जुनी नाट्यगीतं ऐकायचा आणि गुडघेदुखीचे व्यायाम बघायचा. आणि फासा टाकताना त्याची बाही वर सरकली तेव्हा दंडाच्या आतल्या बाजूला खरचटल्याचा लांब पट्टा तिला दिसला होता.

एकदा नजर वळली की सगळंच दिसायला लागतं. बाबा अलीकडे दर दुसऱ्या शनिवारी सकाळी 'साइट व्हिजिट'ला जायचा. ॲडमिनच्या माणसाला कसली साइट? गाडीच्या मॅटवर काळपट, टोकदार खडी सापडायची. अबुधाबीच्या वाळूत तशी खडी नसते. डिकीतून काही काढायचं असलं की "थांब, मी देतो" म्हणत तो स्वतः खाली धावायचा. आणि एकदा चहा घेताना त्याचा फोन वाजला, स्क्रीनवर 'नर्मदा' नाव आलं, आणि बाबाने फोन पालथा ठेवला.

"कोण नर्मदा?"

"ऑफिसातल्या."

'ऑफिसातल्या' म्हणजे कोण, हे त्याने सांगितलं नाही. अस्मीने आईकडे पाहिलं. कुंदा भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही. तिला ऐकू आलं नव्हतं, की ऐकू येऊन तिने सोडून दिलं होतं? त्या दिवसापासून अस्मीला आईचाही भरवसा वाटेना.

तिने यहयाला सांगितलं तेव्हा तो आधी हसला. मग दोन दिवसांनी त्याचाच फोन आला, आणि आवाज हसरा नव्हता.

"अगं, अब्बा सांगत होते. काका मागच्या शनिवारी सकाळी दुकानात आले होते. हातमोजे घेऊन गेले. बरोबर एक बाई होत्या."

"कसल्या बाई?"

"अब्बांनी विचारलं, उपेंद्रभाय, कुठे निघालात? तर म्हणाले, रास अल खैमाहला, वादीत. अब्बांना वाटलं, तुमची तिकडे कुठे वाडी आहे. मला विचारत होते, काकांनी शेत घेतलं काय म्हणून."

डोंगरातल्या कोरड्या नदीच्या घळीला इथे वादी म्हणतात; एरवी अस्मी या वाडीवर पोट धरून हसली असती.

तिने सरळ विचारायला हवं होतं. पण सरळ विचारलं तर बाबा 'ऑफिसातल्या' म्हणणार हे तिला ठाऊक होतं. मग तिने तिच्या हातात होतं ते हत्यार काढलं. पुढच्या रविवारसाठी 'टोक'ची नवी गोष्ट रचली, आणि बाबालाच पुन्हा खेळायला बसवलं.

"बाबा, तुझं पात्र घरी खोटं सांगून डोंगरात आलंय," ती म्हणाली. तिचा सूत्रधाराचा आवाज त्या दिवशी जरा जास्तच शांत होता. "कड्यावर पोचतोस आणि फोन वाजतो. घरचा आहे. काय करतोस?"

बाबाने निळ्या चकत्यांची चळत नीट केली. "उचलत नाही."

"का?"

"उचलला तर खाली जाईन."

"पुन्हा वाजतो. बायको विचारतेय, कोणाबरोबर आहात? काय सांगतोस?"

मिहिका या दोघांकडे आळीपाळीने बघू लागली. "व्हॉट इज हॅपनिंग?" ती यहयाच्या कानात म्हणाली. यहया टेबलाकडे बघत राहिला. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता.

"अस्मी," बाबा म्हणाला, "हा खेळ आहे की चौकशी?"

"तूच ठरव."

तो उठला. खुर्ची नीट आत सरकवली आणि आतल्या खोलीत गेला. त्याच्या चकत्या तशाच राहिल्या. अस्मीला वाटलं होतं, तो चिडेल. तो चिडला असता तर बरं झालं असतं. उठताना त्याचा चेहरा चोरी पकडली गेलेल्या माणसासारखा झाला होता, आणि तो तिला पुढचा आठवडाभर छळत राहिला.

शनिवारी सकाळी बाबा नेहमीसारखा निघाला. गल्लीच्या तोंडाशी यहयाच्या दुकानाची व्हॅन उभी होती. अस्मी सीटवर खाली सरकून बसली.

"मला हे बरं वाटत नाहीये," यहया म्हणाला.

"मला वाटतंय का? चल, यल्ला."

शारजात एका इमारतीखाली बाबाची गाडी थांबली. निळा ट्रॅकसूट घातलेली, त्याचीच टोपी डोक्यावर ओढलेली एक उंच बाई पाठीवर पिशवी टाकून बाहेर आली आणि पुढच्या सीटवर बसली. बसताना तिने बाबाच्या खांद्यावर थाप मारली. त्या सीटवर आई बसायची. यहयाने न विचारता पाण्याची बाटली पुढे केली.

रास अल खैमाह मागे पडलं. डोंगर जवळ आले, काळपट, उघडेबोडके. बाबाच्या गाडीने डांबरी रस्ता सोडला आणि चाकांखाली खडी वाजू लागली. तीच खडी. एका वळणापलीकडे सात-आठ गाड्या उभ्या होत्या. यहयाने व्हॅन मागेच लावली आणि दोघं पायी निघाले.

वर पोचेपर्यंत अस्मीचा श्वास फुलला होता. दगडाआडून तिने पाहिलं. दहाबारा माणसं होती, तरुण, म्हातारी, दोन गोऱ्या मुली, एक पगडीवाला सरदार. सगळ्यांच्या डोक्यांवर हेल्मेट. त्यांच्या पुढे जमीन एकदम संपत होती. खोल खाली पाण्याचा हिरवा डोह चमकत होता. आणि त्या टोकावर, पाठ दरीकडे करून, कमरेला पट्टे आवळून तिचा बाबा उभा होता.

निळ्या ट्रॅकसूटवाल्या बाईंनी हेल्मेट काढलं होतं. केस पांढरेशुभ्र, लांब वेणी. पासष्टीच्या तरी असतील. त्यांनी बाबाचा पट्टा ओढून बघितला आणि म्हणाल्या, "उपेंद्र, मागे टेकायचं, बस. दोरी धरेल."

बाबाने उजवा हात कमरेच्या मागे नेला. मूठ आवळली. तो मागे झुकला, थोडासा, आणखी थोडासा. अस्मीला ओरडावंसं वाटलं. वर्षभर ती लोकांना कड्यावर उभं करत होती. तुला भीती वाटतेय, फासा टाक, असं कॉफी पीत पीत सांगत होती. आता तिचे स्वतःचे तळवे घामाने निथळत होते.

बाबा तसाच राहिला. मग त्याने मान हलवली आणि एक पाऊल पुढे, जमिनीकडे टाकलं.

"चालेल," त्या बाई म्हणाल्या. "आज नाही तर नाही." बाकीच्यांपैकी कुणी हसलं नाही. सरदारजींनी दोरी आपल्याकडे घेतली.

बाबा वळला तेव्हा समोर अस्मी होती.

यहयानेच "सलाम, काका" म्हटलं आणि त्या बाईंकडे जाऊन उभा राहिला.

बाबा एका दगडावर बसला. हातमोजे काढून त्याने मांडीवर ठेवले.

"तुला वाटलं असेल..." तो म्हणाला.

"हो, वाटलं."

"नर्मदाताई आहेत त्या. इंदूरच्या. शाळेत पी.टी. शिकवायच्या, आता हा ग्रुप चालवतात. ऑफिसच्या पिकनिकला एकदा आल्या होत्या. छोटा कडा उतरलो मी त्या दिवशी. अस्मी, मी उतरलो! मला खरंच वाटेना. मग येत राहिलो. छोटे सगळे होतात. हा मोठा होत नाही."

"मग सांगायचं ना आम्हाला! आई काही नको म्हणाली नसती."

"काय सांगू?" तो दरीकडे बघत म्हणाला. "उतरलो असतो तर त्याच दिवशी सांगितलं असतं, पेढे वाटले असते. दर वेळी टोकावर जातो आणि परत फिरतो, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? आईला? तुला? आयुष्यभर मी हेच केलंय, ते तुम्हाला माहीतच आहे. निदान इथे तरी वेगळं होईल म्हणून यायचो."

अस्मी त्याच्या शेजारी बसली. तिला लाज वाटत होती आणि रागही येत होता, दोन्ही एकदम. "फोन पालथा कशाला ठेवलास पण?" ती म्हणाली. "काय काय आलं माझ्या डोक्यात!"

"चुकलंच ते."

थोड्या वेळाने तिने विचारलं, "मागे फिरताना कसं वाटतं?"

त्याने विचार केला. "पडण्याची भीती असते ना, ती दोरीला लटकलं की जाते. परत फिरायला त्याहून जास्त दम लागतो. सगळे बघत असतात."

कुंदाला त्याने त्याच संध्याकाळी सांगितलं. ती कड्याबद्दल चकार शब्द बोलली नाही. "साइट व्हिजिट म्हणून मी सकाळी उठून डबे भरले तुमचे," एवढंच म्हणाली, आणि आठवडाभर अबोला धरला. नर्मदा हे नाव तिने त्या दिवशी चहाच्या वेळी नीट ऐकलं होतं, हे अस्मीला नंतर कळलं. "तू विचारलंस, तेच बरं झालं," आई म्हणाली. "मला विचारवलं नसतं."

'टोक' बदलला. यहयाने महिनाभर आकडेमोड केली आणि दोघांनी एक नवा नियम घातला. कड्यावरून मागे फिरायचं असेल तरी फासा टाकावा लागेल, आणि दमाच्या चकत्या पुढे जाण्यापेक्षा जास्त लागतील. परत फिरलेला पुन्हा त्याच कड्याशी येऊ शकेल, पडलेला नाही. पहिल्याच डावात मिहिका आपली शेवटची चकती हातात धरून इतका वेळ गप्प बसली की फहदने तिला हलवून विचारलं, "हबीबी, आर यू ओके?" मोबाइलला कुणी हात लावला नव्हता.

बाबा खेळायला बसला नाही. पण शनिवारचं जाणं चालू राहिलं, आता उघडपणे, आणि जाताना कुंदा दारात उभी राहून "कमरेचा पट्टा बघून घ्या" म्हणायला लागली.

मार्चमध्ये एका शनिवारी तो दुपारी परत आला, बूट काढले, आणि म्हणाला, "झालं. उतरलो."

कुंदाने हातातलं काम टाकलं. "मोठा?"

"मोठा."

त्याचे कपडे कोरडे होते. खाली तर डोह होता. अस्मीच्या हे लगेच लक्षात आलं. वाळले असतील, तिने स्वतःला सांगितलं. दोन तासांचा रस्ता आहे, ऊन आहे. गाडीत दुसरे कपडे असतील. बाबाचा चेहरा उजळला होता, पण तो तिच्या नजरेला नजर देत नव्हता. की देत होता?

"काका खरंच उतरले?" यहयाने संध्याकाळी फोनवर विचारलं. "विचार ना नर्मदाताईंना. नंबर आहे तुझ्याकडे."

अस्मीने खिडकीतून खाली पाहिलं. आईबाबा दोघं खाली उतरून कोपऱ्यावरच्या मिठाईच्या दुकानाकडे निघाले होते. बाबा हातवारे करत काहीतरी सांगत होता, उजवा हात कमरेच्या मागे नेत होता, आणि आई थांबून थांबून ऐकत होती.

"नाही विचारणार," अस्मी म्हणाली.